तुरळच्या ऊन पाण्याखालच्या फॉल्टमधून खरंच वीज निघेल का? ग्रामसभेत दाखवलेला आकडा तपासायचा आहे

गडनदीकाठ

नमस्कार. मी तुरळ-राजवाडीच्या पट्ट्यातला, तालुका संगमेश्वर. पुण्यातली नोकरी सोडून पाच वर्षांपूर्वी गावी आलो. आता आमसुलं, आंबापोळी आणि फणसपोळीचा लहानसा व्यवसाय करतो. भूगर्भशास्त्र शिकलेलो नाही, म्हणून इथे विचारतोय.

गेल्या महिन्यात ग्रामसभेला एका खासगी कंपनीची माणसं आली होती. प्रोजेक्टर लावून त्यांनी सांगितलं की गावाखालून एक मोठा फॉल्ट जातो, कुंडातलं ऊन पाणी त्याच भेगेतून येतं, आणि एक किलोमीटर खोल बोअर मारली की १५० अंशांचं पाणी लागेल. त्यावर ५ मेगावॅटचं वीजकेंद्र. त्यासाठी कुंडाच्या वरच्या अंगाची अकरा एकर जमीन तीस वर्षांच्या कराराने द्यायची आणि ना हरकत दाखला त्याच बैठकीत हवा, अशी मागणी. दाखला दिला नाही, पण पुढच्या सभेत विषय पुन्हा येणार आहे. गावात दोन तट पडलेत. तरुण पोरांना हाताला काम हवंय, आणि जुनी माणसं कुंडाला धक्का लागू द्यायला तयार नाहीत.

माझा विरोध नाही. वीज निघणार असेल तर माझ्या वाट्याची जमीन मी आधी देईन. मे महिना संपत आला की कोकणात काय होतं ते इथल्या लोकांना माहीत आहे. आमसुलं वाळत घातलेली असतात, आभाळ भरून येतं, दोन दिवस ऊन नाही मिळालं की बुरशी. मग भट्टीला लाकडं. आणि शंभर पावलांवर वाफाळतं पाणी रात्रंदिवस ओढ्याला जात असतं. ते बघून जीव तुटतो.

त्यांनी वाटलेल्या एका पानावरचे आकडे असे आहेत: कुंडापासून ४० मीटरवरच्या ६० मीटर खोल बोअरमध्ये वर २८ अंश, तळाशी ३५.२ अंश. म्हणजे किलोमीटरला १२० अंश वाढ. म्हणून एक किलोमीटरवर २८ अधिक १२०, जवळजवळ १५०. खाली पाण्याच्या तपासणीत सिलिका लिटरला ८० मिलिग्रॅम, एवढीच एक ओळ.

हे गणित बरोबर आहे का? फॉल्ट आहे म्हणजे खाली उष्णता आहेच, असं म्हणता येतं का? आणि आम्ही त्यांच्याकडे नेमकं काय मागावं?

गाभा_आणि_चुरा

तुम्ही कागदावरचे आकडे जसेच्या तसे दिलेत हे फार बरं केलंत. बोअरमधून निघालेला गाभा, म्हणजे खडकाचे दंडगोल तुकडे, पेट्यांत लावायचा, मीटरमीटरची नोंद करायची, हे काम मी तीस वर्षं केलं. त्यातली बरीचशी कोकणात आणि घाटावर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण ऊन पाण्याचा विषय निघाला की गप्प बसवत नाही.

त्यांची बेरीज बरोबर आहे आणि निष्कर्ष चुकीचा आहे. ६० मीटरचा कल एक किलोमीटरपर्यंत ताणता येत नाही, आणि झऱ्याशेजारी तर मुळीच नाही. ऊन पाणी फॉल्टमधून वर येतं आणि वरच्या कातळातल्या भेगा सापडल्या की आडवं पसरतं. अशा पसरलेल्या थराकडे बोअर खाली जात असते तेव्हा दर मीटरला तापमान भराभर चढतं. एकदा त्या थरात शिरलं की चढ थांबतो, कारण आत पाणी खेळतं असतं आणि सगळीकडे जवळपास सारखंच ऊन असतं. तुमच्याकडची बोअर ६० च्या ऐवजी ३०० मीटर असती, तर बहुधा कुंडाच्या तापमानाच्या आसपास येऊन आलेख सरळ उभा राहिला असता. ज्या भागात आलेख सगळ्यात तिरपा असतो नेमका तोच त्यांनी उचलला आहे.

आता उष्णता कुठून येते? गावोगाव लोक मला सांगतात की खाली ज्वालामुखी धुमसतोय. तसं काही नाही. आपला काळा कातळ ज्या लाव्हाचा झाला तो ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याची ऊब कधीच निघून गेली. उरते ती पृथ्वीच्या पोटातून सगळीकडे संथपणे वर येणारी उष्णता, आणि तीही आपल्याकडे बेताचीच आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरची बोअर घेतली गेली. ३३८ मीटरवर बेसाल्ट, म्हणजे हाच काळा कातळ, संपला आणि पुढे जुना ग्रॅनाइटी खडक लागला. तिथे उष्णतेचा प्रवाह चौरस मीटरला ४३ मिलिवॉटच्या आसपास भरला. खंडांची सरासरी ६५ च्या घरात आहे. एवढा प्रवाह बेसाल्टमधून जाताना किलोमीटरला साधारण २५ अंश चढतात, आणि ग्रॅनाइट उष्णता जास्त चांगली वाहून नेतो म्हणून त्यात आणखी कमी, पंधरा-सोळा. किनारपट्टीच्या बाजूला कवच ताणलं गेलंय, तिथे थोडं जास्त धरू. तरी नुसत्या खडकाच्या भरवशावर एक किलोमीटरवर साठाच्या वर जायचं कठीण.

मग कुंडात साठ अंशांचं पाणी येतं कसं? सह्याद्रीवर पडणारा पाऊस मुरतो, खोल जातो, दोन-तीन किलोमीटर खाली खडकाच्या तापमानाला तापतो आणि कोकणपट्टीत एखाद्या भेगेतून वर येतो. घाटमाथा आणि कोकण यांच्यातल्या उंचीचा फरक त्या पाण्याला ढकलतो. पालघरच्या कोकनेरपासून अकलोली, गणेशपुरी, सव, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि खाली राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत झऱ्यांची ही जी ओळ लागते, ती किनाऱ्याला समांतर उगाच नाही. सगळ्यात ऊन उन्हवऱ्याचं, सत्तरच्या आसपास. नावांकडेच बघा: उन्हवरे, उन्हाळे, पालीजवळचं उन्हेरे, खानदेशात उनपदेव, नांदेडकडे उनकेश्वर. आपल्या पूर्वजांनी थर्मामीटर नसताना महाराष्ट्राचा भूऔष्णिक नकाशा गावांच्या नावांत काढून ठेवलाय.

फॉल्टचं महत्त्व इथेच आहे. आपला कातळ थरांवर थर असा रचलेला आहे, आणि दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीचा पट्टा असतो. पाण्याला आडवं जायला वाट मिळते, उभं जायला अडचण. उभी वाट करून देतो तो फॉल्ट, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला प्रस्तरभंग. तो उष्णता तयार करत नाही, खालची वर आणून देतो. म्हणून फॉल्टमधल्या पाण्याचं तापमान, ते पाणी जितकं खोल जाऊन आलंय तिथल्या खडकापेक्षा जास्त असूच शकत नाही.

आणि फॉल्ट म्हणजे एक उघडी फट, असंही समजू नका. एकदा एका पेटीत आम्हाला आठ मीटर गाभा असा लागला की त्याचा मधला दीड मीटर हिरवट-करड्या चिकणमातीचा होता. ओल्या बोटांनी चोळला तर साबणासारखा गुळगुळीत. खडक खडकावर घासून त्याचं पीठ झालेलं आणि त्याची पुढे माती झालेली. त्यातून थेंबभर पाणी जात नाही. पण त्याच्या दोन्ही बाजूंचा तीन-तीन मीटर खडक तडकलेला होता, तडे कॅल्साइट आणि झिओलाइट या खनिजांनी भरलेले, आणि काही ठिकाणी न भरलेले, आत सुईसारखे स्फटिक. ड्रिलिंगचं पाणी तिथेच गायब झालं होतं. म्हणजे मोठ्या फॉल्टच्या ऐन मधोमध बोअर मारली तर कोरडी जाऊ शकते, आणि तीच दहा मीटर सरकवली तर धो धो पाणी. अमेरिकेत नेवाडा राज्यात ज्वालामुखीशिवायचे असे फॉल्टचे पट्टे पुष्कळ आहेत. तिथल्या डिक्सी व्हॅलीत १९८८ पासून साठेक मेगावॅटचं केंद्र चालतंय, अडीच-तीन किलोमीटरवर २४० अंशांच्या वर पाणी. तिथले भूशास्त्रज्ञ जेम्स फॉल्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो ठिकाणं तपासून दाखवलं की ऊन पाणी लांबलचक सरळ फॉल्टच्या मधल्या भागात फारसं सापडत नाही. ते सापडतं फॉल्टच्या टोकाला जिथे त्याला फाटे फुटतात तिथे, दोन फॉल्ट एकमेकांना ओलांडतात तिथे, किंवा एक संपून बाजूला दुसरा सुरू होतो त्या सांध्यात. तिथे खडक सतत नव्याने तडकत राहतो, त्यामुळे वाटा बुजत नाहीत. तेव्हा "गावाखालून फॉल्ट जातो" या वाक्याने काहीच ठरत नाही. कुठला भाग, कुठला सांधा, हे विचारा.

तिसरी गोष्ट सिलिका. ही ओळ त्यांनी टाकली, पण तिच्यावर बोलले नसणार. पाणी जितकं ऊन, तितकी सिलिका जास्त विरघळते, आणि वर येताना ती लगेच बाहेर पडत नाही. म्हणून तिच्यावरून खालचं तापमान काढता येतं. ८० मिलिग्रॅमला, खाली क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकेचा स्फटिक, विरघळतंय असं धरलं तर १२५ अंश येतात. कॅल्सेडनी, म्हणजे सिलिकेचाच बारीक कणांचा प्रकार, विरघळतंय असं धरलं तर ९७. पाणी तेच, आकडा तोच, फरक २८ अंशांचा. आणि आपल्या बेसाल्टच्या पोकळ्या कॅल्सेडनीने भरलेल्या असतात, गारगोट्या वेचणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. वर येताना थंड पाणी मिसळलं असेल तर खरा आकडा थोडा वर जाईल, हे त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. कोकणातल्या या झऱ्यांवर आयआयटी मुंबईच्या प्रा. चंद्रशेखरम यांनी अनेक वर्षं काम केलं. अशा रसायनावरून निघणारे अंदाज सर्वसाधारणपणे शंभर ते सव्वाशेच्या घरातच फिरतात. दीडशे अंश, तेही एक किलोमीटरवर, याला त्यांच्याच कागदात आधार नाही.

उन्हवरे_माहेर

माझं माहेर उन्हवऱ्याचं. काकांनी फार छान समजावलं, पण माझी काळजी वेगळी आहे. आमच्याकडे बायका बाळंतिणीला, सांधे धरलेल्या माणसांना कुंडावर घेऊन जातात. माझ्या आईचे गुडघे त्याच पाण्यावर चाललेत. वरच्या अंगाला मोठी बोअर मारून पाणी ओढलं तर कुंड आटणार नाही का? आटलं तर कुणाला विचारायचं? राजापूरची गंगा येते-जाते ते देवाचं देणं म्हणून लोक सोसतात, पण बोअरमुळे कुंड गेलं तर गाव ते कधी विसरणार नाही. तीस वर्षांच्या करारात याबद्दल एक ओळ तरी आहे का हो?

राइनकाठ

मी मूळचा चिपळूणचा, गेली अकरा वर्षं जर्मनीत कार्लस्रुहला. घरांना गरम पाणी पुरवणाऱ्या जाळ्यांचं डिझाइन करतो, त्यामुळे भूऔष्णिक विहिरींशी कामाचा संबंध येतो. गाभाकाकांच्या पहिल्या मुद्द्याला इथला पुरावा देतो.

राइन नदीचं खोरं ही दोन फॉल्टमधली खचलेली पट्टी आहे, ज्वालामुखी इथेही पेटता नाही. नदीपलीकडे फ्रान्समध्ये सुल्त्स-सू-फोरे इथे १९८७ पासून संशोधन चालू आहे. पहिल्या किलोमीटरमध्ये तापमान शंभर अंशांहून जास्त वेगाने चढतं. तो वेग धरून बसलं तर पाच किलोमीटरवर पाचशे अंश यायला हवेत. प्रत्यक्षात एक ते साधारण सव्वातीन किलोमीटरपर्यंत तापमान जेमतेम हलतं, कारण तडकलेल्या खडकात पाणी फिरत असतं. पुढे परत चढायला लागतं आणि पाच किलोमीटरवर २०० अंश भरतात. एवढं करून तिथलं केंद्र १.७ मेगावॅटचं आहे. पहिल्या किलोमीटरवर भुलायचं नाही, हे इथे पाच किलोमीटर खोदून शिकलेत.

तुमच्या तापमानाशी जुळणारं उदाहरण माझ्या घरापासून लोकलने वीस मिनिटांवर आहे. ब्रुखसाल. दोन-अडीच किलोमीटर खोल विहिरी १९८० च्या दशकात खणल्या आणि २००९ मध्ये कुठे वीज सुरू झाली. पाणी सुमारे १२५ अंश, सेकंदाला पंचवीसेक लिटर, क्षमता अर्ध्या मेगावॅटच्या थोडी वर. पाणी खारट, त्यामुळे पाइपांत क्षार साचणं हे रोजचं दुखणं. आणि इथे हिवाळ्यात बाहेर शून्य अंश असतं, म्हणजे थंड बाजू फुकट मिळते. कोकणात ती तीस अंशांची असणार, तेवढी वीज आणखी कमी.

याउलट मला मनापासून आवडतं ते रिटरशोफन, सुल्त्सच्या शेजारीच. तिथे अडीच किलोमीटरवरच्या फॉल्टवर नेम धरून विहिरी घेतल्या, १६० अंशांच्या वरचं पाणी मिळालं, आणि वीज करायचा हट्ट धरला नाही. २४ मेगावॅट उष्णता पंधरा किलोमीटर पाइपने स्टार्चच्या कारखान्याला जाते. २०१६ पासून चालू आहे.

फ्रान्समध्येच मासिफ सेंट्रालच्या पठारावर, पोंजिबो नावाच्या जुन्या शिसं-चांदीच्या खाणींच्या भागात, भूकवचातल्या खोल फॉल्टच्या पट्ट्यांचा याच दृष्टीने अभ्यास झालाय. त्यातला एक निष्कर्ष तुमच्या कामाचा: पट्टा उभा असेल तर उष्णता वर आणायला सगळ्यात चांगला. आणि पाणी वाहू देण्याची खडकाची ताकद एका मर्यादेत असावी लागते. कमी असेल तर पाणी फिरतच नाही, फार जास्त असेल तर थंड पाणीही धावत खाली जातं आणि सगळं निवतं. कोकणच्या पावसात ही दुसरी भीती खरी आहे.

एक गोष्ट मात्र कुणी टाळू नये, ती भूकंप. बासेलला डिसेंबर २००६ मध्ये खोल विहिरीत दाबाने पाणी सोडल्यावर ३.४ चा धक्का बसला आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. दक्षिण कोरियात पोहांगला १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.५ चा झाला, माणसं जखमी झाली, हजारो घरांचं नुकसान झालं. इथे स्ट्रासबुर्गच्या उत्तरेला वेंडेनहाइमला २०२० मध्ये साडेतीनच्या धक्क्यानंतर काम बंद पडलं. तुरळ ते कोयनानगर हवाई अंतर किती आहे ते नकाशावर बघा. मी चिपळूणचा आहे, आमच्या घरात १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण अजून सांगतात.

गडनदीकाठ

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. कुंडाच्या बाहेर जी पन्हाळ ओढ्याकडे जाते तिच्याखाली १५ लिटरची बादली धरली. दहा वेळा मोजलं, सरासरी सहा सेकंदांत भरते. आंबापोळीच्या पाकासाठीचा माझा थर्मामीटर लावला, पन्हाळीत ५८ अंश.

मग डोक्यात आलं की आसपासच्या बोअरही मोजाव्यात. वाडीवाडीत फिरून नऊ बोअरचं पाणी मोजलं. सात ठिकाणी २८ ते २९. पण दोन वेगळ्या निघाल्या, एक ३३ आणि एक ३६. ३६ वाल्या काकी म्हणाल्या, "आमचं पाणी थंडीत आंघोळीला तापवावं लागत नाही, आम्हाला वाटलं पंप तापतो." कागदावर खुणा केल्या तर या दोन बोअर आणि कुंड एका रेषेत येतात. उत्तर-दक्षिण, जराशी वायव्येकडे कललेली. ३६ ची बोअर जिथे ओढा एकदम काटकोनात वळतो तिथे आहे.

ताई, करारात कुंडाबद्दल एकही ओळ नाही. मी परत वाचून बघितलं.

गाभा_आणि_चुरा

तुम्ही दोन दिवसांत जे केलंत ते त्या कंपनीने आधी करायला हवं होतं. नऊ बोअरची ही यादी त्यांच्या पानापेक्षा मोलाची आहे. ती रेषा बहुधा ऊन पाणी वर येण्याच्या वाटेचा माथा दाखवते. ओढ्याच्या वळणाशी जा आणि ओढ्याच्या पात्रात बघा, काळ्या कातळातून भिंतीसारखी उभी, आजूबाजूपेक्षा बारीक पोताची आणि आडव्या चिरांची दगडी पट्टी जाते का. ती डाइक, म्हणजे भेगेत शिरून गोठलेल्या लाव्हाची भिंत, असेल, आणि फॉल्ट व डाइक तिथे एकमेकांना छेदत असतील, तर मी वर म्हटलं तसा सांधा तोच. फोटो टाका, शेजारी कोयता ठेवून, म्हणजे माप कळेल. बोअर मोजताना आणखी एक करा: पहाटे, रात्रभर बंद असलेला पंप सुरू करून पहिल्या दहा मिनिटांचं पाणी सोडून द्या, मगच थर्मामीटर लावा. आत्ता एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा. दोन्हींत फरक किती पडतो त्यावरून वरचं थंड पाणी किती मिसळतंय ते कळेल.

आता विजेचा हिशोब. १२० अंशांच्या पाण्यावर थेट वाफेचं टर्बाइन चालत नाही. त्या पाण्याने लवकर उकळणारा दुसरा द्रव उकळवून टर्बाइन फिरवतात. दहा टक्के उष्णता विजेत उतरली तरी खूप झालं. १ मेगावॅट विजेला १० मेगावॅट उष्णता, म्हणजे १२० वरून ७० पर्यंत निववलेलं सेकंदाला ४८ लिटर पाणी. राइनकाठ यांच्या ब्रुखसालचे आकडे या हिशोबात तंतोतंत बसतात. ५ मेगावॅटला सेकंदाला २४० लिटर. तुमची पन्हाळ देते अडीच. खोल बोअर पन्हाळीपेक्षा पुष्कळ जास्त देऊ शकते, पण शंभरपट देईल असं म्हणणाऱ्याने ते आधी काही आठवडे बोअर वाहती ठेवून दाखवावं.

आपल्या देशातला अनुभवही तोलून बघा. छत्तीसगडमधलं तातापानी सोन-नर्मदेच्या मोठ्या फॉल्ट पट्ट्यावर आहे. तिथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने २६ बोअर घेतल्या, ११२ अंशांपर्यंत तापमान मिळालं, पाच बोअर मिळून मिनिटाला १८०० लिटर, म्हणजे सेकंदाला ३०. देशातल्या चांगल्या जागांपैकी ती एक, आणि तिथे बोलणी होती ३०० किलोवॅटच्या केंद्राची. लडाखमधल्या पुग्याला चारशे मीटरच्या आत १४० अंश मिळाले, पण तो हिमालय, तिथली उष्णता निराळी. तुमच्याकडे ५ मेगावॅट म्हणणाऱ्यांनी या दोन्ही जागांचं नाव काढलं होतं का, ते आठवून बघा.

म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाही, आणि हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. कोकणच्या फॉल्ट पट्ट्यांचं नीट मोजमाप व्हावं असं मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून वाटत आलंय. कोयनेला गोठण्याला २०१७ मध्ये तीन किलोमीटरची बोअर पूर्ण झाली, भूकंप समजून घेण्यासाठी. आपल्या कातळात तेवढं खोल जाता येतं हे त्यामुळे सगळ्यांनी बघितलं. २०२५ मध्ये केंद्राचं भूऔष्णिक धोरणही आलं. तेव्हा त्यांना सरसकट नाही म्हणू नका. सांगा की अकरा एकरांचा करार नंतर, आधी एका गुंठ्यावर पाचशे मीटरची बारीक बोअर घ्या, कुंडापासून दूर, त्या रेषेच्या एका अंगाला. गाभा गावासमोर पेट्यांत लावा. बोअर महिनाभर शांत ठेवून मग दर दहा मीटरला तापमान घ्या आणि तो आलेख ग्रामपंचायतीला द्या. रेषेला आडवं मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण (जमिनीतले नैसर्गिक विद्युत-चुंबकीय बदल मोजणारं) करा, म्हणजे खोलवर वीज वाहून नेणारा पट्टा दिसेल. आणि तो चिकणमातीमुळे दिसतोय की खाऱ्या पाण्यामुळे, हे त्यांनीच बोअरच्या गाभ्यावरून सांगावं. पाण्याचं पूर्ण रसायन, समस्थानिकांसकट (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंसकट). या सगळ्याच्या आधी वर्षभर भूकंपमापकं बसवा. तुरळहून कोयनानगर तीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे दाबाने पाणी सोडणार असाल तर किती दाब, कुठल्या खोलीवर आणि कितीच्या धक्क्याला काम थांबवणार, ते लेखी हवं.

उन्हवऱ्याच्या ताई, तुमचा प्रश्न मी मागे ठेवला नव्हता, विचार करत होतो. हो, कुंड आटू शकतं. एकच वाट असेल आणि खालून जास्त ओढलं तर वर येणारं कमी होणार, यात शंका घ्यायचं कारण नाही. वापरलेलं पाणी परत खाली सोडलं तर दाब टिकतो, पण ते कुठे सोडता यावर सगळं आहे. म्हणून करारात कुंडाचं आजचं तापमान आणि आजची बादली लिहून घ्या. अमुक टक्के घट झाली की पंप बंद, असं कलम हवं. गडनदीकाठ यांनी दहा वेळा मोजून ठेवलेले सहा सेकंद हाच त्या कलमाचा पाया.

आणि तुमच्या आमसुलांबद्दल. सेकंदाला अडीच लिटर पाणी ५८ वरून ३३ वर आणलं तर २६० किलोवॅट उष्णता मिळते, चोवीस तास. विजेच्या भाषेत दिवसाला सहा हजारांवर युनिट. निम्मी उष्णता वाया घालवणाऱ्या साध्या भट्टीत रोज तीन टन सुकी लाकडं जाळावी तेवढी. हे पाणी कुंडातून निघून ओढ्याला चाललेलं आहे, आंघोळी होऊन गेल्यावरचं. त्यातलं चौथ्या हिश्शाचंच घ्या. ६५ किलोवॅटवर पन्नास अंशांच्या आतबाहेरची कोरडी हवा मिळेल आणि तासाला चाळीसेक किलो पाणी उडवता येईल. आमसुलं, आंबापोळी, सुकी मासळी यांना पन्नास अंश चांगले. फक्त उष्णता बदलणाऱ्या पत्र्यांना साधं ३०४ स्टील वापरू नका. या पाण्यात क्लोराइड भरपूर आहे, वर्षभरात बारीक खड्डे पडतील. टायटॅनियमच्या प्लेटा महाग आहेत, पण टिकतील. नाहीतर उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिक नळीची लांब वेटोळी करा, जागा जास्त लागेल, पण वाडीतला प्लंबर ती दुरुस्त करू शकेल. क्षार धुता येतील अशी सोय ठेवा.

गडनदीकाठ

काका, ओढ्यात पट्टी सापडली. साधारण हातभर रुंद, काळी कुळकुळीत, बाजूच्या कातळापेक्षा कितीतरी कठीण. कोयता ठेवून फोटो काढलाय, रात्री टाकतो. ती पूर्व-पश्चिम जाते, म्हणजे माझ्या रेषेला आडवी. ३६ वाली बोअर तिच्यापासून वीस पावलांवर आहे. सरपंचांना तुमची सगळी उत्तरं वाचून दाखवली. पाचशे मीटरच्या बोअरची मागणी पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्यायला ते तयार आहेत. कुंडाची बादली आता दर सोमवारी सकाळी मोजून शाळेच्या फळ्यावर लिहायची, असं हेडमास्तरीणबाईंनी ठरवलंय.

उन्हवरे_माहेर

मी पण आईला सांगितलंय. या रविवारी उन्हवऱ्याला जाते आहे, बादली आणि घड्याळ घेऊन. थर्मामीटर कुठला घ्यायचा तेवढं सांगा.

गाभा_आणि_चुरा

शंभर अंशांपर्यंतचा साधा काचेचा चालेल, प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. आधी घरी उकळत्या पाण्यात धरून तो शंभराच्या जवळ दाखवतो का ते बघा आणि जो फरक येईल तो लिहून ठेवा. कुंडात मोजाल तेव्हा पाणी जिथून बुडबुड्यांसकट वर येतं तिथेच धरा, कडेला नको.

गडनदीकाठ, फोटोची वाट बघतोय. उत्तर दिशा कुठे आहे ते फोटोवर लिहा.